पडद्यावरची रात्र

पटकथेत 'बाहेर. रात्र.' असं लिहायला लेखकाला दोन शब्द पुरतात. पुढे तेच दोन शब्द निर्मात्याच्या अंदाजपत्रकात, छायालेखकाच्या झोपेत आणि लाइटमनच्या पाठीवर भलतेच जड होऊन बसतात. चित्रपटाचं माध्यम प्रकाशावर जगतं. रात्र म्हणजे प्रकाशाची अनुपस्थिती. जे नाही ते टिपायचं कसं, हा प्रश्न चित्रपटाला जन्मापासून चिकटलेला आहे. एखाद्या मिनिटाच्या, दोन माणसांच्या, एका अंगणातल्या रात्रीच्या दृश्यासाठी तंत्रज्ञांनी काय काय केलं, कुठल्या युक्त्या काढल्या आणि त्यातलं काय आज आपल्या हातातून निसटत चाललं आहे, याचा शोध मी गेली काही वर्षं जमेल तसा घेतो आहे. हा लेख त्या शोधाचा गोषवारा आहे. यात मोठ्या चित्रपटांची नावं येतील, पण माझं लक्ष लहान दृश्यांवर आहे. कारण रात्रीचा प्रश्न युद्धाच्या दृश्यापेक्षा कंदिलाच्या दृश्यात जास्त उघडा पडतो.

सुरुवातीला थोडं गणित. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स असतं. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. म्हणजे उन्हाच्या तुलनेत चांदणं सुमारे चार लाख पटींनी मंद. आपला डोळा ही दरी अर्ध्या तासात बाहुली मोठी करून आणि पडद्यावरच्या पेशी बदलून भरून काढतो. फिल्मला ते जमत नाही. आणखी एक गंमत अशी, की एक मेणबत्ती एक मीटरवरून जवळजवळ एक लक्स उजेड देते. म्हणजे हातभर अंतरावरची पणती पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा कितीतरी जास्त उजळ असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर रात्रीच्या चित्रणाचा निम्मा इतिहास आपोआप उलगडतो.

निळ्या पाण्यात बुडवलेली रात्र

मूकपटाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांतली फिल्म दोन कारणांनी रात्रीला नालायक होती. एक तर ती अतिशय मंद होती. तिला ऊनच लागे. म्हणून त्या काळातल्या अनेक स्टुडिओंना काचेची छपरं असत, किंवा छप्परच नसे आणि वर पांढरी कापडं ताणून ऊन गाळून घेतलं जाई. दुसरं म्हणजे ती 'ऑर्थोक्रोमॅटिक' होती. तिला निळा प्रकाश चांगला दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. पणती, समई, मशाल, कंदील यांचा उजेड तांबूस-पिवळा. तेव्हा नटीच्या हातात पेटती समई दिली, तरी त्या समईचा तिच्या चेहऱ्यावरचा उजेड फिल्मवर उमटण्याची आशा नव्हती. दिवा ही त्या काळात फक्त वस्तू होती, प्रकाश नव्हता. उलट निळं आकाश मात्र पांढरंफेक यायचं.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. हरिश्चंद्राच्या कथेचा कळस स्मशानात आहे आणि तो रात्रीचा आहे. फाळक्यांजवळ मात्र सूर्य सोडला तर दुसरा भरवशाचा दिवा नव्हता. दिवसा चित्रण करावं, आणि रात्री दादरच्या राहत्या जागेत फिल्म धुवावी, असा त्यांचा क्रम होता. कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई करत. म्हणजे खरी रात्र खर्च होत होती ती प्रयोगशाळेत, आणि पडद्यावरची रात्र दिवसाढवळ्या घडत होती. प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नसे. ही गोष्ट त्याने कीर्तनात ऐकलेली होती, नाटकात पाहिलेली होती. स्मशान म्हटल्यावर रात्र तो स्वतःच्या मनातून घेऊन येत असे.

युरोप-अमेरिकेत या अडचणीवर जो उपाय रूढ झाला तो रंगाचा होता. कृष्णधवल प्रत तयार झाली की तिचे तुकडे रंगाच्या पाण्यात बुडवायचे. रात्रीला निळा, दिवाणखान्यातल्या दिव्याच्या उजेडाला पिवळा, आगीला लाल. प्रेक्षकांनी हा करार मान्य केला होता: पडदा निळा झाला की रात्र झाली. दृश्य उन्हात टिपलेलं असलं तरी हरकत नसे.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठीत चांदणं कधीच निळं नसतं. ते पिठूर असतं, टिपूर असतं, दुधासारखं असतं. आपली भाषा चांदण्याला पांढरं म्हणते, आणि शास्त्रही तेच सांगतं. चंद्राचा प्रकाश म्हणजे परावर्तित ऊनच, तो किंचित तांबडाच भरेल. मंद उजेडात आपला डोळा निळ्या-हिरव्याकडे झुकतो हे खरं, पण पडद्यावरच्या गडद निळ्या रात्रीचा मोठा वाटा त्या रंगाच्या हौदाचा आहे. आज मोबाइलवर लघुपट करणारा मुलगाही रात्र म्हटली की संगणकात निळा रंग ओततो. शंभर वर्षांपूर्वीची ती सवय आपल्याला निसर्ग वाटू लागली आहे.

रंगाच्या या रात्रीचा एक दगाही होता. रंग प्रतीवर असे, मूळ निगेटिव्हवर नसे. पुढे बोलपट आले, फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली, आणि रंगाचं पाणी त्या पट्टीच्या वाचनात अडथळा आणू लागलं; तेव्हा ही पद्धत मागे पडली. नंतर जुन्या चित्रपटांच्या सुरक्षित प्रती काढल्या गेल्या त्या बहुधा साध्या कृष्णधवल फिल्मवर. रंग गेला, आणि रंगासोबत रात्रही गेली. याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ सालचा 'नोस्फेराटू'. त्यातला रक्तपिपासू उमराव सूर्यप्रकाशाने मरतो. सगळी कथा त्या एका अटीवर उभी आहे. पण कृष्णधवल प्रतींत तोच उमराव आपली शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हात गावभर फिरताना दिसे. कित्येक वर्षं लोकांनी तो चित्रपट असाच पाहिला. पुढे रंगवलेल्या एका जुन्या फ्रेंच प्रतीच्या आधारे निळी रात्र परत आणली गेली, तेव्हा कथेला पुन्हा अर्थ आला. त्या प्रतीतून परत मिळालेली रात्र हा त्या कथेचा कणाच होता.

कोल्हापूरचा चंद्र

आपल्याकडे रात्रीचा विचार चित्रकाराच्या नजरेने प्रथम केला तो कोल्हापुरात. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. पडद्यावर राजवाडा रंगवायचा तर खांबाची कुठली बाजू उजळ आणि कुठली काळी, हे आधी ठरवावं लागतं; आणि ते ठरवायचं तर दिवा कुठे आहे हे मनाशी पक्कं असावं लागतं. कॅमेराही स्वतःच्या हाताने बनवणाऱ्या बाबूरावांनी हा विचार चित्रपटात आणला. 'सैरंध्री' १९२० साली आला. त्यानंतर १९२३ साली 'सिंहगड'. ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा हा चित्रपट. आणि ही कथा तर रात्रीशिवाय उभीच राहू शकत नाही. तानाजीची माणसं कडा चढतात ती रात्रीच. दिवसा चढली असती तर गोष्टच झाली नसती.

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात 'सिंहगड'ची आठवण कृत्रिम दिव्यांच्या वापरासाठी आवर्जून काढली जाते. मला त्यामागचा विचार जास्त मोलाचा वाटतो. त्या काळी उन्हात टिपून प्रेक्षकावर सोडून देण्याची सोय होती. पेंटरांनी ती न घेता दिवा लावला, याचा अर्थ त्यांना रात्र सांगायची नव्हती, दाखवायची होती. या दोन क्रियापदांमधलं अंतर म्हणजेच या विषयाचा सगळा इतिहास आहे.

दोन वर्षांनी आलेला 'सावकारी पाश' हा तर ऐतिहासिक वेषभूषेचा आधारही नसलेला, शेतकऱ्याच्या कर्जाचा चित्रपट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. तो पाहिलेल्या जे. बी. एच. वाडियांनी आपल्या आठवणीत एक दृश्य नोंदवून ठेवलं आहे: अगदी मंद प्रकाशात टिपलेली उदास झोपडी, आणि रडणारा कुत्रा. लक्षात घ्या, हा मूकपट आहे. त्यात कुत्र्याचा आवाज नाही. तरी वर्षानुवर्षांनी पाहणाऱ्याच्या मनात राहिलं ते कुत्र्याचं रडणं. अंधार नीट दाखवला, की माणसाचे कान आपोआप टवकारतात. खेड्यात रात्री वावरलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. एक झोपडी, एक जनावर, थोडा उजेड आणि बाकी काळोख. मी जेव्हा नवख्या मुलांशी रात्रीच्या लहान दृश्यांबद्दल बोलतो, तेव्हा पहिलं उदाहरण याच दृश्याचं देतो. आणि लगेच सांगावं लागतं की ते आपल्याला दाखवता येणार नाही. 'सावकारी पाश' आज उपलब्ध नाही. आपल्या चित्रपटातली एक थोर रात्र आपल्याकडे केवळ एका माणसाच्या आठवणीच्या रूपात उरली आहे.

बांधलेली रात्र

बोलपटाने चित्रपट स्टुडिओच्या चार भिंतींत कोंडला, कारण बाहेरचा गोंगाट ध्वनियंत्राला सोसत नव्हता. रात्रीच्या दृष्टीने ही कोंडी वरदान ठरली. बंद स्टुडिओत कायमच रात्र असते; तिथे दिवस करायला दिवे लागतात, तसे रात्र करायलाही. एव्हाना लाल रंगही पाहू शकणारी 'पॅनक्रोमॅटिक' फिल्म रुळली होती, आणि बल्बचा पिवळा उजेड तिला चालत होता.

'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. शांतारामबापू मधल्या काळात जर्मनीला जाऊन आले होते आणि तिथल्या सावल्यांचा परिणाम त्यांच्या कामात पुढे दिसत राहतो. १९३९ सालच्या 'माणूस'मध्ये पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांची गाठ पडते. व्ही. अवधूत यांचं छायालेखन आणि फत्तेलालांचं कलादिग्दर्शन. गल्ली बांधलेली, भिंती बांधलेल्या, आणि अंधारही बांधलेला. या बांधलेल्या रात्रीचा नियम साधा होता: चौकटीत कुठेतरी दिव्याचं कारण दाखवा, मग खरा प्रकाश चौकटीबाहेरून द्या. रस्त्यावरचा दिवा दिसला की माणसाच्या टोपीवर पडलेला झोत प्रेक्षक त्याच दिव्याचा समजतो. प्रत्यक्षात तो झोत माळ्यावर बसलेल्या लाइटमनच्या हातात असतो.

मुंबईत मालाडच्या 'बॉम्बे टॉकीज'ने तर जर्मन तंत्रज्ञच आणले होते. त्यातले छायालेखक जोसेफ व्हिर्शिंग. १९४९ च्या 'महल'ची वादळी रात्र आणि ओसाड हवेली त्यांचीच. 'महल'चा प्रभाव पुढच्या सगळ्या हिंदी भयपटांवर आहे असं म्हणतात. मला वाटतं तो प्रभाव भुताचा कमी आणि झुलणाऱ्या दिव्याचा जास्त आहे. दिवा हलला की सगळ्या सावल्या हलतात, आणि सावल्या हलल्या की रिकामी खोलीही राहती वाटते.

दिवा चौकटीत ठेवून त्याचं तेज कसं सांभाळावं, याचा उत्तम धडा मला चित्रपटात नाही, एका चित्रात मिळतो. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमाराचं. हातात समई धरलेली मुलगी. ही त्यांची स्वतःची मुलगी. तिने दुसरा तळहात ज्योतीपुढे आडवा धरला आहे. त्यामुळे ज्योत आपल्या डोळ्यांवर येत नाही, बोटांच्या कडा आतून तांबूस पेटतात, आणि उजेड सगळा तिच्या चेहऱ्यावर जातो. वाऱ्यापासून दिवा सांभाळण्याची ही आपल्या घराघरातली हालचाल, आणि तीच छायालेखकाची पहिली युक्ती: उगम झाका, परिणाम दाखवा. दिवाळीत पणती नेणाऱ्या कुणाही मुलीकडे पाहिलं तर हे दिसतं. हळदणकरांनी ते पाहिलं.

दिवसाची रात्र आणि तिन्हीसांजा

पन्नाशीच्या दशकात कॅमेरा पुन्हा बाहेर पडला आणि जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. त्यात भर रंगाची. १९५० साली आलेली पहिली ईस्टमनकलर फिल्म १६ एएसए वेगाची होती. माझा ढोबळ हिशोब सांगतो: २.८ छिद्रावर तिला सुमारे सहा हजार लक्स हवेत. एखादी गल्ली रात्री एवढी उजळायची तर कार्बन आर्कचे राक्षसी दिवे लागत. 'ब्रूट' नावाच्या दिव्याला २२५ अँपिअर वीज लागते. आपल्या घरातला मोठा प्लग १५ अँपिअरचा असतो. प्रत्येक आर्कजवळ एक माणूस, कारण कार्बनच्या कांड्या जळून संपतात. मोठ्या निर्मात्यांना हे परवडे. बाकीच्यांनी जुनी वाट धरली: दिवसा टिपून रात्र म्हणायचं.

फ्रेंच लोक याला 'अमेरिकन रात्र' म्हणतात; त्रूफोच्या १९७३ सालच्या चित्रपटाचं नाव तेच आहे. पद्धतीचे नियम काटेकोर आहेत. सूर्य माणसांच्या मागे ठेवायचा, म्हणजे तो चंद्राचं काम करतो आणि चेहरे काळवंडतात. छिद्र दोनेक स्टॉप बंद करायचं. आकाश चौकटीत घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर कृष्णधवलमध्ये लाल फिल्टर लावायचा, मग निळं आकाश काळं होतं. रंगीत चित्रपटात बल्बच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म उन्हात फिल्टरशिवाय वापरायची, म्हणजे सगळंच निळसर येतं. यातला एक नियम चुकला की सोंग उघडं पडतं. आपल्या अनेक ग्रामीण चित्रपटांत नायिका निळ्या अंधारातून पाणंदीने धावते आणि पायाखाली तिची ठसठशीत सावली तिच्याबरोबर धावते. प्रेक्षक हसत नसत. पण विश्वासही ठेवत नसत; फक्त सोय म्हणून मानून घेत.

तिसरी वाट या दोहोंच्या मधली, आणि लहान दृश्यांसाठी मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी. सूर्य मावळल्यापासून आकाश विझेपर्यंतची वेळ. मराठीत तिला तिन्हीसांजा आणि कातरवेळ अशी दोन नावं आहेत. त्या वेळी आकाशात निळसर उजेड असतो, घरातला दिवा त्याच्याशी बरोबरी करू शकतो, आणि झाडं काळी होऊन उभी राहतात. नेस्टर आल्मेंड्रोस या छायालेखकाने 'डेज ऑफ हेवन' या १९७८ सालच्या चित्रपटाचा बराच भाग अशाच वेळी टिपला. पण महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. आपली तिन्हीसांज बावीस-चोवीस मिनिटांत आटोपते. उत्तर युरोपात तीच वेळ लांबत जाते. म्हणून परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक इथे चालत नाही. आपल्याकडे या वेळेत एकच दृश्य, तेही तीन-चार शॉटचं बसतं: आधी आकाश दिसणारा रुंद शॉट, मग दोघांचा, आणि चेहऱ्यांचे जवळचे शॉट पूर्ण अंधार पडल्यावर एका दिव्यावर. तालीम दुपारीच झालेली हवी.

एक खोली, एक पडदा

साधनं कमी असली की विचार जास्त लागतो, याचा पुरावा १९५५ सालच्या 'पथेर पांचाली'त आहे. सुब्रत मित्रांचा छायालेखक म्हणून हा पहिलाच चित्रपट. दुर्गा तापाने फणफणली आहे, बाहेर वादळ. दिग्दर्शकाने आपल्याला वादळ दाखवलेलं नाही. त्याने दाखवली आहे ती वाऱ्याने फुगणारी पडद्याची चिंधी, ढकलला जाणारा दरवाजा, लवलवणारा दिवा, कोनाड्यातली गणपतीची मूर्ती जी क्षणात उजळते आणि क्षणात नाहीशी होते, आणि मुलीला कवटाळून बसलेली आई. रात्र खोलीबाहेर उभी आहे आणि आत येऊ पाहते आहे. मृत्यूही तसाच. या दृश्यात प्रकाशाचं तंत्र आणि दृश्याचा अर्थ वेगळे काढता येत नाहीत. दिवा विझण्याची भीती हाच आशय आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला १९७५ चा 'बॅरी लिंडन'. स्टॅन्ले कुब्रिक आणि छायालेखक जॉन ऑल्कॉट यांना अठराव्या शतकातली रात्र केवळ मेणबत्त्यांवर टिपायची होती. त्यासाठी कुब्रिकने झाइस कंपनीच्या ०.७ छिद्राच्या ५० मिलिमीटर भिंगा मिळवल्या. त्या मुळात अमेरिकेच्या चांद्रमोहिमेसाठी बनलेल्या. फिल्म १०० एएसएची, ती धुताना एक स्टॉप ओढून २०० केली. तरीही हिशोबाने तीसेक लक्स हवेत, म्हणजे मीटरभर अंतरावर तीसेक मेणबत्त्या. म्हणून त्या दृश्यांत झुंबरंच्या झुंबरं पेटलेली दिसतात. आणि एवढं करून भिंगाची स्पष्टता इतकी उथळ की नटाने मान पुढे केली तरी चेहरा धूसर. नट स्तब्ध बसले. ती स्तब्धता त्या काळच्या दरबारी शिष्टाचाराशी अशी जुळून गेली की तंत्राची अडचण हीच चित्रपटाची शैली बनली.

अंधाराची टंचाई

त्यानंतरचा प्रवास वेगाचा आहे. २००७ साली आलेल्या कोडॅकच्या ५०० एएसए फिल्मला १.४ छिद्रावर पन्नास लक्स पुरतात. १९५० सालच्या सहा हजारांशी ताडून पाहा. मायकल मान यांच्या २००४ च्या 'कोलॅटरल'मध्ये डिजिटल कॅमेऱ्याने लॉस एंजेलिसचं रात्रीचं आकाश टिपलं. शहरातल्या दिव्यांनी तांबूस झालेलं, कधीच काळं न होणारं. आपल्याकडे २०१८ च्या 'तुंबाड'मध्ये छायालेखक पंकज कुमार यांनी पावसाळी कोकणी काळोख कंदिलाच्या उजेडाने मोजला. आज खिशातल्या फोनलाही रस्त्यावरच्या दिव्याखालचा माणूस दिसतो.

आणि इथे प्रश्न उलटा झाला. शंभर वर्षं छायालेखक रात्रीत प्रकाश आणण्यासाठी झगडले; आता अंधार टिकवण्यासाठी झगडावं लागतं. फोनचा कॅमेरा काळोख दिसला की आपणहून उजळ करतो आणि काळ्याचं राखाडी होतं. त्यामुळे लघुपट करणाऱ्यांना माझा पहिला सल्ला उजेड मोजण्याचा नसतो, तर कॅमेऱ्याचं आपोआप उजळणं बंद करण्याचा असतो. पुढचं सगळं वरच्या इतिहासातूनच येतं. दिवा एकच निवडा आणि तो माणसाच्या जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. मोठा प्रकाश द्यायचा तर मागून द्या. पाऊस, धूर, विडीचा झोत, ओला रस्ता हे सगळं मागच्या उजेडातच दिसतं, समोरच्या उजेडात नाहीसं होतं. चौकटीत एखादा तेजस्वी ठिपका राहू द्या, नाहीतर डोळ्याला काळा रंग काळा वाटत नाही, मळका वाटतो. आणि जे दिसत नाही ते ऐकू द्या: रातकिडे, टिटवी, दूरच्या घाटात गिअर बदलणारी एसटी. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. लागतो तो दृश्य लिहिताना विचारलेला एक प्रश्न: या रात्रीत कुणाला काय दिसायला नको आहे?

रात्र स्वतःही बदलते आहे. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईकरांनी आरडाओरडा केला. तो नॉस्टॅल्जिया म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. सोडियमच्या दिव्यांचा तो रंग दोन-तीन दशकांच्या चित्रपटांत शहराच्या रात्रीचा रंग म्हणून नोंदला गेला आहे. उद्या तो काळ उभा करायचा तर हीच दृश्यं पुरावा ठरतील.

पण पुरावा टिकायला हवा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात 'प्रभात'चाही ठेवा होता. काहींच्या प्रती इतरत्र होत्या म्हणून चित्रपट वाचले. पण प्रत वाचली म्हणजे रात्र वाचली असं नाही. दिवसा टिपलेली रात्र निगेटिव्हवर पूर्ण होत नाही. ती प्रत काढताना प्रकाश कमी-जास्त करून पूर्ण केली जाते. आता जुने मराठी चित्रपट संगणकावर उतरवले जात आहेत. तिथे बसलेल्या तंत्रज्ञाला दृश्य काळपट दिसतं, तो सद्हेतूने ते उजळ करतो, आणि 'नोस्फेराटू'चं जे झालं तेच आपल्या नायिकेचं होतं: ती भर दुपारी हातात कंदील घेऊन वाट शोधत निघते.

हे टाळायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. मूळ पटकथा, चित्रणाच्या वह्या आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या चित्रपटाबरोबर जपल्या, आणि उतरवण्याआधी कुणी त्या वाचल्या, तर कुठलं दृश्य रात्रीचं हे कळतं. ज्या चित्रपटांचे कागद उरले नाहीत, त्यांच्यासाठी अजून माणसं आहेत. कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत साठ-सत्तरच्या दशकांत माळ्यावर बसून आर्क फिरवलेले लाइटमन आज ऐंशीच्या घरात आहेत. श्रेयनामावलीत त्यांची नावं बहुधा नाहीत. पण कुठल्या चित्रपटातला चंद्र कुठून लावला होता, हे त्यांना विचारलं तर सांगता येतं. विचारायला आता फार वेळ उरलेला नाही.